साडेचार वर्षांचा मुलगा रोज पुलाची पाणीपातळी विचारतो... लहान मुलांमधली खरी हुशारी ओळखायची कशी?

कृष्णाकाठची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, लहान गटात आहे.

पावसाळ्यात सांगलीकरांच्या मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ काय येतं ते तुम्हाला माहितीच आहे, कोयनेतून विसर्ग इतका, वारणेतून इतका, आयर्विन पुलाजवळ पातळी इतकी. आमचे हे तो मेसेज रोज आजोबांना मोठ्याने वाचून दाखवतात. हा बाजूला गाड्या घेऊन खेळत असायचा, आम्हाला वाटायचं याचं काही लक्षच नाही. जुलैमध्ये एकदा आजोबांनी विचारलं परवा किती होती रे पातळी, हे मेसेज शोधत बसले आणि तोवर हा खालूनच म्हणाला, परवा २१, काल २४, आज २९.

ते सोडा, पाठ झालं असेल म्हणून आम्ही विसरलो पण. गणपतीच्या आधी साफसफाई करताना बेडरूमच्या दारामागे भिंतीवर पेन्सिलच्या उभ्या रेघा दिसल्या, एकाशेजारी एक, पहिली बोटभर मग वाढत वाढत वीतभर आणि पुढे परत कमी होत गेलेल्या. मी ओरडले आणि फडकं घेतलं तर हा रडकुंडीला येऊन म्हणाला, पुसू नको आई, ते पाणी आहे. मी तिथेच खाली बसले. मग त्याने बोट ठेवून सगळं सांगितलं, ह्या दिवशी पाऊस, ह्या दिवशी पूल. मधे एक जागा मोकळी होती. ही का सोडलीस विचारलं तर म्हणे त्या दिवशी बाबांनी वाचलंच नव्हतं. हे त्याला कुणीही शिकवलेलं नाही, घरात आम्ही दोघंही कॉमर्सवाले.

प्रश्न तर दिवसभर. ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, मग ४१ ला काय असतं? काल तिकडे सोडलं की आज इकडे वाढतं, मग पाणी रात्री झोपत नाही का?

आता दुसरी बाजू. ह्याच मुलाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. पोळी तुटली तर जेवत नाही, अख्खी दुसरी द्यायला लागते. मिरवणुकीतल्या ढोलाचा आवाज आला की कान दाबून कपाटामागे बसतो. कुणाच्या तरी मोबाईलवर २०१९ च्या पुराचा फोटो बघितला त्यात पाण्यात उभी गाय होती, तीन रात्री झोपताना विचारत होता गाईला कुणी नेलं का. शाळेतल्या बाई म्हणतात एका जागी बसत नाही, हे मला आलंय म्हणतो आणि उठून खिडकीत जातो.

सासूबाई म्हणतात कुणाला सांगू नको दृष्ट लागेल, दीर म्हणतात ॲबॅकसला घाला. मला त्याला कुठल्या स्पर्धेत उभं करायचं नाही, पण काहीतरी वेगळं आहे आणि ते माझ्या हातून सुटून गेलं असंही व्हायला नको. तुमच्यापैकी कुणी ह्यातून गेलंय का?

माणदेशी_गडी

ताई लै भारी. सगळ्यात आधी त्या भिंतीचा फोटो काढून ठेवा, उद्या रंगकाम निघालं की गेलं सगळं. बाकी जाणकार सांगतीलच.

अंगणवाडीताई

तुमचं वाचून मला एक मुलगी आठवली म्हणून लिहिते. मी सातारा जिल्ह्यात अंगणवाडी चालवते, १९ वर्षं झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या येतात, त्यांची पोरं पाच-सहा महिने आमच्याकडे. एका वर्षी बीडकडची एक मुलगी आली, चार वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ. दोन आठवडे एक शब्द बोलली नाही. रंग विचारला गप्प, गाणं म्हण म्हटलं गप्प. मी मनात लिहून टाकलं की ही मागे आहे, आज त्याचं वाईट वाटतं.

एकदा मी खिचडीसाठी ताटल्या मोजत होते, हजेरी घ्यायची राहिली होती. ही दारात उभी राहून बाहेर चपलांकडे बघत होती आणि एकदम तिघांची नावं घेऊन म्हणाली, हे नाही आलेत. बरोबर तेच तिघं नव्हते आले. २६ पोरांच्या चपला कुणाच्या कुठल्या ते तिला ठाऊक, कुणाचा अंगठा तुटलाय कुणी भावाची घालून आलाय सगळं. मग मी रोज हजेरी तिलाच विचारायला लागले. पुढे चिंचोके दिले तर बाकीची पोरं ओळी लावायची, ही आधी मोठे बारके वेगळे करायची, मग म्हणायची बाई हे दोन सारखे दिसत्यात पण हा जड आहे. हातावर ठेवून मला दाखवायची. मला काही फरक कळायचा नाही, किराणावाल्याकडच्या काट्यावर नेऊन बघितलं तर ती खरं सांगत होती.

म्हणून सांगते, येणाऱ्या पाहुण्यासमोर जे पोरगं कविता म्हणून दाखवतं तेच हुशार असं धरू नका. ज्या घरात पुस्तकं आहेत, आईला वेळ आहे, तिथली हुशारी लगेच दिसते. जिच्या कडेवर भाऊ आहे तिची दिसायला बाईला वाकावं लागतं. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि टोळी गेली. मी तिच्या आईजवळ एक कागद दिला, तिकडच्या बाईंना द्या म्हणून, त्यात तिला काय काय येतं ते लिहिलं होतं. पोचला का नाही कळलं नाही. तुमचं लेकरू नशीबवान आहे ताई, त्याच्या रेघा पुसायच्या आधी त्याची आई खाली बसली.

पहिली_बेंच

अंगणवाडीताई, डोळ्यात पाणी आलं वाचून.

मन_मिरज

मी मिरजेत मुलांचं समुपदेशन करते, शिक्षण मानसशास्त्राचं आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

कृष्णाकाठची_आई, तुमच्या पोस्टमध्ये लोकांना २१-२४-२९ लक्षात राहील, मला त्या मोकळ्या सोडलेल्या जागेने थांबवलं. पाठांतर बऱ्याच मुलांचं चांगलं असतं. पण माहिती नसेल तिथे जागा रिकामी सोडायची हे त्याने स्वतःचं स्वतः ठरवलंय, म्हणजे त्याच्या डोक्यात पाणी, दिवस आणि उंची ह्यांचा संबंध तयार झालाय आणि त्याला तो खरा ठेवायचाय. मी आईवडलांना विचारते तेव्हा असंच काहीतरी शोधत असते. एका विषयात मूल किती दिवस रमतं, न सांगता परत परत त्याकडे जातं का, ऐकलेलं दुसऱ्या कशाला तरी जोडतं का, उत्तर मिळाल्यावर थांबतं की उत्तरातून पुढचा प्रश्न काढतं. बोलायला लवकर लागणं, मोठी वाक्यं, वयापेक्षा मोठ्या मुलांत रमणं, न्याय-अन्यायाबद्दल हट्टी असणं, शब्दांचे खेळ कळून हसणं हेही बऱ्याचदा दिसतं, पण सगळ्यांत सगळं दिसत नाही. काही मुलं उशिरा बोलतात आणि हातांनी काय काय करून दाखवतात.

बटणं आणि पोळी ह्याने घाबरू नका. अशा मुलांची वाढ एका रेषेत होत नाही. डोकं सात वर्षांचं, हात चार वर्षांचे आणि रुसवा तीन वर्षांचा असं एकाच शरीरात असतं. आपण डोक्याकडे बघून बाकीच्या दोघांकडूनही तशीच अपेक्षा करतो, एवढं कळतं मग रडतोस काय म्हणतो, तिथे मूल एकटं पडतं. आवाजाचा त्रास, गाईची काळजी हेही अशा मुलांत बरंच दिसतं. गाईबद्दल विचारेल तेव्हा विषय बदलू नका. पुरात माणसं जनावरं कशी बाहेर काढतात, बोटी कशा येतात, ते खरं खरं सांगा. त्याला माहिती मिळाली की भीती कमी होईल.

टेस्टबद्दल पुढे कुणीतरी विचारेलच म्हणून आत्ताच लिहिते. पॅरिसमध्ये बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती मुळात शाळेत कुणाला जास्तीची मदत लागेल हे शोधायला. आपल्याकडे कामतांनी धारवाडला ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, बिने-कामत म्हणून आजही वापरतात. दुसरी मालिन यांची, नागपुरात १९६९ मध्ये तयार झालेली, ती ६ ते १५ वर्षांसाठी. सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं येतात. पण साडेचारला काढलेला आकडा आठ-नऊला तोच राहील असं नसतं, त्या दिवशी मूल भुकेलं असेल, चाचणी घेणारी ताई अनोळखी असेल, तरी फरक पडतो. शाळेत अडचण येत असेल, लवकर वरच्या वर्गात घालायचा विचार असेल, किंवा काही कच्चेपणाची शंका असेल तरच आत्ता टेस्ट करा. नुसतं कळावं म्हणून घाई नको.

बिनधास्त_वाईकर

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. प्रत्येकच मूल आपापल्या परीने हुशार असतं, मग हा प्रज्ञावान तो सामान्य असे शिक्के साडेचार वर्षांत कशाला? आमच्या वेळी कुणी काही ओळखलं नाही, पोरं नदीत पोहली, शेतात राबली, मोठी झाली. मला हे सगळं आईवडलांच्या हौसेचं वाटतं. माझ्या भाच्याला पहिलीपासून चार क्लास लावलेत, पोरगं वाळून गेलंय, त्या रागातून लिहितोय.

मन_मिरज

वाईकर, तुमच्या भाच्याबद्दलचा राग अगदी रास्त आहे आणि चार क्लासला माझाही विरोध आहे. पण ओळखणं म्हणजे शिक्का मारणं नाही हो. पायाला मोठं माप लागतं हे कळलं तर आपण मोठी चप्पल आणतो, गावभर सांगत नाही. न ओळखलेली मुलं आपोआप मोठी होतात असं मलाही वाटायचं, पण माझ्याकडे तिसरी-चौथीतली मुलं येतात ती आगाऊ, लक्ष नाही, उलट बोलतो अशा तक्रारी घेऊन, आणि बोलायला लागलं की कळतं ते दोन वर्षं वर्गात नुसतं बसून आहे. काही जणांनी तर येत असलेलं मुद्दाम चुकवायला शिकून घेतलेलं असतं, मित्र तुटू नयेत म्हणून. मुलींमध्ये हे जास्त बघितलंय.

कराडचे_गुरुजी

निवृत्त प्राथमिक शिक्षक. ३४ वर्षं शिकवलं. वरचं वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वर्गात दुसरीला एक मुलगा होता. पाटीवर उत्तर लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा, परत पुसायचा आणि तास संपला तरी पाटी कोरी. मी त्याला आळशी म्हणालो, चारचौघांत म्हणालो. वर्ष संपता संपता त्याच्या आजीने सांगितलं की गुरुजी तो घरी जमिनीवर खडूने सगळं सोडवतो, पण ५ चा आकडा तुमच्यासारखा येत नाही म्हणून पाटी दाखवत नाही. मला त्याचा मार्ग कळलाच नव्हता. आपलं काम मनासारखं झालं नाही तर ते कुणाला दाखवायचंच नाही हेही एक लक्षण असतं आणि आम्ही मास्तर लोक त्याला सरळ शून्य देतो. आज तो कुठे आहे ठाऊक नाही, भेटला तर माफी मागायची आहे.

शिक्षकाच्या नजरेतूनच नाही, चाचणीतूनही किती निसटतं याचं मोठं उदाहरण परदेशातलं आहे. टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात १९२१ पासून दीड हजारावर अतिहुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्या निवडीत चाचणी देऊनही जे बसले नाहीत त्यात शॉकली आणि अल्वारेझ हे दोघे होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ ला. तेव्हा चाचणीत बसला नाही म्हणून कुणाला खाली टाकू नका. रेन्झुली यांनी १९७८ मध्ये जी तीन वर्तुळं मांडली ती मला वर्गात जास्त खरी वाटली, बुद्धी सरासरीच्या वर असावी, नवं सुचावं, आणि हातातलं काम चिकाटीने धरून ठेवावं. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे काहीतरी घडतं.

मोठेपणी निवडीच्या वाटा आहेत, साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ पासून आहे, नवोदय विद्यालय तुमच्या सांगलीत पलूसला आणि आमच्या साताऱ्यात खावलीला, दोन्हीकडे सहावीला प्रवेश. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून याच विषयावर काम करते, त्यांच्या प्रशालेत पाचवीला चाचण्या घेऊन मुलं घेतात. पण हे सगळं मूल दहा-अकरा वर्षांचं झाल्यावरचं. तीन ते आठ या वयात घर आणि पहिल्या बाई, बास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की ज्या मुलाला एखाद्या गोष्टीची ओढ आहे त्याला शिक्षकाने वर्गातच जास्तीचं साहित्य आणि प्रोत्साहन द्यावं. ताई, शाळेत भांडायला जाऊ नका, त्या भिंतीचा फोटो घेऊन जा.

आणि आमच्या कराडला या त्याला घेऊन. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, काल तिकडे सोडलेलं पाणी कुठून येतं ते त्याला डोळ्यांनी बघू दे.

सातारचा_बाबा

मला थोडं सावध करायचंय, कुणाला घाबरवायचं नाही.

आमची मुलगी तीन वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायची. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गाडीवरून जाताना एक पाटी सोडायची नाही. अख्खी कॉलनी कौतुक करायची, आम्हीही व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवले. पण भूक लागली तर ती आम्हाला सांगायची नाही, हात धरून ओट्यापाशी न्यायची. नाव घेतलं तर वळायची नाही. पेपरमधली बातमी घडाघडा वाचायची आणि त्यात काय झालं विचारलं तर तीच ओळ परत म्हणायची. आम्ही म्हणायचो हुशार मुलं अशीच असतात, आपल्याच नादात. एक वर्ष त्यात गेलं.

शेवटी माझ्या बहिणीने जबरदस्तीने विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की अर्थ न कळता लवकर वाचता येणं, ह्याला हायपरलेक्सिया म्हणतात, आणि आमच्या मुलीच्या बाबतीत ते ऑटिझमबरोबर आलंय. आता दीड वर्ष स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. वाचनाचाच उपयोग करून तिला बोलायला शिकवतोय, घरभर चिठ्ठ्या लावल्यात, मला पाणी हवं, मला कंटाळा आला. मागच्या महिन्यात ती स्वतःहून माझ्याकडे आली आणि म्हणाली बाबा मला कंटाळा आला. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांच्यासाठी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी फुकट होते, अंगणवाडीत आणि शाळेत टीम येते आणि गरज वाटली तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. विचारायला लाजू नका.

मन_मिरज

सातारचा_बाबा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कृष्णाकाठची_आई, तुमचा मुलगा प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, गाईसाठी हळहळतो, रेघांवर बोट ठेवून तुम्हाला गोष्ट सांगतो, म्हणजे संवाद चांगला आहे. तरी बटणं, आवाज आणि पोळी ह्याबद्दल एकदा बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. हुशारी आणि अडचण एकाच मुलात असू शकतात, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे. डिस्लेक्सिया असलेलं अतिशय हुशार मूल बघितलंय मी, हुशारीच्या जोरावर ते अडचण झाकतं आणि अडचणीमुळे हुशारी झाकली जाते, मग शाळेला ते मधलंच वाटतं, ठीकठाक. त्याचं कुणीच काही करत नाही.

तंबोरा_गल्ली

आम्ही मिरजेचे, घरात पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्यांचं काम. इथे सगळं आकड्यांचं आणि वाचनाचं चाललंय म्हणून लिहितो.

माझा पुतण्या तीन वर्षांचा असताना कारखान्यातच खेळायचा, भोपळ्यांच्या ढिगात. एकदा मी तंबोऱ्याची जवारी काढत होतो, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासत होतो, घोडीवरून हलका हात फिरवायचा, तारेखाली दोरा सरकवून ऐकायचं, परत फिरवायचा, तासन् तासाचं काम. तीन तारा बोलत होत्या एक बसत नव्हती. पोरगं ढिगातून उठून आलं आणि त्या तारेवर बोट ठेवून म्हणालं, काका ही रडतीय. मी म्हटलं बरं. थोडं घासलं. तो म्हणाला अजून रडतीय. चौथ्या वेळेला म्हणाला आता गप्प झाली, आणि परत खेळायला गेला. मी वडलांना बोलावून ऐकवलं, ते म्हणाले बसली जवारी. माझा कान तयार व्हायला दहा वर्षं गेली होती.

शाळेत हा पोरगा साधारण आहे, अक्षर वाईट, गणितात कच्चा. शाळेच्या कुठल्याच कागदावर त्याचा कान लिहायला रकानाच नाही. आमच्या सितार-तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरवाले आले, मोठ्यांचे फोटो काढून गेले, मला वाटत होतं ह्याचा काढा. आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व, आपल्याच माधवनगरात खेळून मोठी झालेली स्मृती मानधना जी नवव्या वर्षी राज्याच्या १५ वर्षांखालच्या संघात गेली, ह्यांना घरच्यांनी वेळेवर बघितलं म्हणून झालं. घरात बॅट होती, आमच्याकडे भोपळा होता, ज्या घरात दोन्ही नाही तिथल्या पोराचं काय हा अंगणवाडीताईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पहिली_बेंच

मी आता २६ वर्षांची आहे. मी ते मूल होते. पाहुणे आले की मला टीपॉयवर उभं करायचे आणि मी जिल्हे, राजधान्या, पाढे, श्लोक सगळं म्हणायचे. टाळ्या वाजायच्या. चौथीच्या वर्षी एका स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि घरी कुणीही रागावलं नाही, फक्त त्या दिवशी कुणी पाहुण्यांना बोलावलं नाही. मला तेव्हाच समजलं की टाळ्या कशासाठी होत्या. नंतर मी जे येणार नाही असं वाटेल ते करूनच बघितलं नाही. कॉलेजात पहिल्यांदा एक विषय खरंच अवघड गेला तर मला अभ्यास कसा करतात हेच माहिती नव्हतं, आयुष्यात कधी अडलंच नव्हतं.

ताई तुम्हाला एवढंच सांगते, त्याला पातळी म्हणून दाखव असं कुणासमोर म्हणू नका. आणि त्याला अशी एखादी गोष्ट द्या जी त्याला लगेच जमणार नाही, पोहणं असेल, बटणंच असतील, आणि तो चुकत असताना शेजारी बसा. हुशार आहेस म्हणण्यापेक्षा तू मोकळी जागा का सोडलीस ते मला आवडलं असं म्हणा. मला कुणीतरी असं म्हणायला हवं होतं.

बिनधास्त_वाईकर

पहिली_बेंच, ही पोस्ट मी बहिणीला पाठवली. काल फोनवर बरंच बोलणं झालं, एक क्लास बंद झालाय, तीन राहिलेत. गुरुजी, भाचा तिसरीत आहे, गणित आवडतं पण क्लासने वीट आणलाय, त्याला घरी काय देऊ?

कराडचे_गुरुजी

कागद-पेन्सिल द्या आणि कापरेकर द्या. देवळालीच्या शाळेत मास्तर होते द. रा. कापरेकर, १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची गंमत शोधली. तिसरीच्या मुलासाठी तीन अंकी घ्या. समजा ३५२. मोठ्याकडून लहान मांडा ५३२, लहानाकडून मोठा २३५, वजा करा, २९७. परत तसंच, ९७२ वजा २७९ बरोबर ६९३. मग ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, आले ४९५. आता पुढे कितीही करा ४९५ च येत राहणार. तिन्ही अंक सारखे सोडून कुठलाही आकडा घ्या, शेवटी तिथेच येतो. चार अंकी घेतला तर ६१७४. त्याला उत्तर आधी सांगू नका! कुठे थांबतंय का बघ एवढंच म्हणा आणि तुम्ही चहा प्यायला जा.

बिनधास्त_वाईकर

गुरुजी, रात्री साडेदहापर्यंत वजाबाक्या चालू होत्या. वहीची नऊ पानं. आता विचारतोय मामा पाच अंकी घेतला तर?

कृष्णाकाठची_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. दिवाळीच्या गडबडीत लिहायचं राहिलं, आता सविस्तर सांगते.

बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. काळजीचं काही नाही म्हणाले, बोटांच्या ताकदीसाठी कणीक मळायला द्या, वाटाणे सोलायला द्या, कपड्यांचे चिमटे लावायला द्या असं सांगितलंय. आता संध्याकाळची कणीक तोच मळतो, अर्धी ओट्यावर. शर्टाचं खालचं एक बटण परवा लागलं. तेवढ्यासाठी वीस मिनिटं बसला होता, मी शेजारी होते, हात पुढे केला नाही, फार जड गेलं मला.

शाळेत फोटो घेऊन गेले. बाईंनी आधी मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या माझ्याकडे ३८ मुलं आहेत हो, पण बघते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला एक काम दिलंय, रोज खिडकीतून आभाळ बघायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर ढग की ऊन ते चिकटवायचं. खिडकीत जाणं आता त्याचं काम झालं. त्याच्याबरोबर आणखी एक मुलगी उठून येते म्हणे, तिलाही बाईंनी घेतलं.

सासूबाईंना अंगणवाडीताईंची पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या माझा थोरला भाऊ असाच होता, गुरांमागे गेला. इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते दार आणि भिंत रंगवायची नाही असं आता त्यांनीच ठरवलंय.

आणि गुरुजी, रविवारी प्रीतिसंगमाला जाऊन आलो. पाणी शांत होतं, दोन्ही बाजूंनी येऊन भेटताना स्पष्ट दिसत होतं. हा आधी एका नदीकडे बघत उभा राहिला, मग वळून दुसरीकडे, मग परत. भेळ खायला बोलावलं तरी आला नाही. गाडीत बसल्यावर एकदम म्हणाला, आई, दोघी भेटल्या ना, मग पुढे सांगलीला येते तिला नुसतं कृष्णाच का म्हणतात, कोयनेचं पण पाणी आहे ना तिच्यात?

मला काही सांगता आलं नाही. गुरुजींना विचारू म्हटलं तर लगेच विचार म्हणाला, आणि पेठ नाक्याच्या अलीकडेच झोपला. सकाळी उठल्यावर पहिलं तेच विचारणार आहे, तेव्हा गुरुजी जमलं तर आज रात्रीच लिहा.